‘सध्या’ म्हणजे कधीपर्यंत?

वेबसाइट बनवायचं ते फ्रेमवर्क, म्हणजे तयार सांगाडा, फुकट होतं, सगळ्यांना खुलं होतं, आणि देशोदेशीची माणसं हौसेनं त्यावर खपत. नवशिक्यांसाठीचे धडे मात्र तिनं एकटीनं लिहिलेले, म्हणून सगळे तिला मास्तरीण म्हणत. आपले धडे कुणालाही जमतात, याचा तिला कोण अभिमान!

रविवारी सकाळी एक पत्र आलं आणि हातातला चहा तसाच राहिला. एका समुपदेशक बाईंनी लिहिलं होतं, ‘तुमचे धडे वाचून मी भेटीची वेळ ठरवायची वेबसाइट बनवली. लोक तिथे आपली अडचण लिहीत. एखादं पान बिघडलं की ते लिहिलेलं सगळं पडद्यावर उघडं पडतं, हे मला काल कळलं. एका मुलीनं लिहिलेलं तिच्या नवऱ्यानं वाचलं. माझं काय चुकलं?’

मास्तरिणीनं तिसरा धडा काढला. ‘बिघाडाची माहिती दाखवणारी सोय सध्या चालू ठेवा.’ तिनं प्रकल्पप्रमुखाला फोन लावून सगळं सांगितलं.

“बंद करायला सांगितलंय की आपण,” तो म्हणाला. “एकेचाळिसाव्या धड्यात.”

“अरे, वेबसाइट पाचव्यातच चालू होते. पुढे कोण कशाला वाचेल?”

“मग तो त्यांचा दोष.”

तिनं फोन ठेवला. शेजारच्या खोलीत वहिनी शिवणयंत्रावर बसल्या होत्या. त्यांना उठवून तिनं लॅपटॉपपुढे बसवलं. “वाचा आणि तसं करा. मी मध्ये बोलणार नाही.”

वहिनी अडखळत तिसऱ्या धड्यापर्यंत आल्या आणि थांबल्या. “सध्या म्हणजे कधीपर्यंत गं?”

धडे लिहून सहा वर्षं झाली होती, पण हे तिला एकदाही सुचलं नव्हतं.

दुपारभर बसून तिनं धडा बदलला: ‘वेबसाइट लोकांसाठी खुली करण्याआधी ही सोय बंद करा. नाहीतर लोकांनी लिहिलेलं खासगी चव्हाट्यावर येईल.’ वर ठळक अक्षरांत आपली चूक कबूल केली. “अब्रू घालवतेस,” प्रमुख म्हणाला. तिनं ऐकलं नाही. संध्याकाळपर्यंत अकरा जणांनी कळवलं, ‘आमचीही सोय चालूच राहिली होती.’

मग तिनं समुपदेशक बाईंना फोन केला. “चूक तुमची नव्हती. माझी होती.”

बाई म्हणाल्या, “वेबसाइट मी बंद केलीये. पण ती मुलगी फोन उचलत नाही हो.”

“मी काही करू शकते का?”

“आता तुम्ही काय करणार?” बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणूनच मास्तरिणीला ते जास्त लागलं.