पुलावरचा लाल दिवा

सदर बाजारातल्या मुकेशच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं विकतात. मागच्या भिंतीशी मात्र 'पलटन' हा जुना व्हिडिओ गेम अजून उभा होता. कपाटाएवढा खोका, दोन दांड्या, बोटांनी झिजलेली बटणं. गावातली पोरं एकेकाळी या युद्धाच्या खेळापायी शाळा बुडवत. आज दुपारी टेम्पो येऊन तो भंगारात नेणार होता. मुकेशने हृषीकेशला कळवलं. दिवाळीला माहेरी आलेल्या धाकट्या बहिणीला, श्रेयाला, हृषीकेशने सांगितलं, तर ती त्याच्याआधी चपला घालून दारात हजर.

त्यांच्या वडिलांना, रमाकांत अण्णांना, चष्म्याची काडी बसवून घ्यायची होती, म्हणून तेही ऑटोत चढले. दुकानात मुकेशने त्यांना स्टूल दिलं. जेवणाची वेळ टळत चालल्याबद्दल त्यांची कुरकुर सुरूच होती.

हा खेळ महाकठीण. दोन शिपाई उड्या मारत, गोळ्या झाडत जंगल ओलांडतात, छावणी ओलांडतात, मग येतो रेल्वेचा पूल. खांबावर लाल दिवा लागतो आणि मागून चिलखती गाडी सुटते. दिवा लागला की जीव घेऊन पळायचं. एक जरी थांबला तरी चित्र पुढे सरकत नाही आणि दोघंही चाकाखाली जातात. लहानपणी हृषीकेश दर वेळी थांबायचा. इंजिन ड्रायव्हरचं पोर ते, लाल दिसलं की त्याचे हात आपोआप गार पडत.

शेवटच्या वेळी तर श्रेया इतकी किंचाळली की ड्यूटीवरून परतणाऱ्या अण्णांना ते रस्त्यावर ऐकू गेलं. त्यांनी दोघांनाही कान धरून घरी नेलं. हृषीकेश आठवड्याभरात पुन्हा दुकानात होता. श्रेयाला सांगण्यात आलं, मुलींनी असल्या ठिकाणी जायचं नसतं. ती कधीच गेली नाही. पुलापलीकडे कैदेतले सैनिक सुटतात म्हणे. तिने ते पाहिलं नव्हतं. आणि हृषीकेश पुढे स्वतःच मालगाडीचा ड्रायव्हर झाला, म्हणजे रोग बरा होण्याऐवजी पक्का झाला म्हणायचा.

दोघं खेळायला लागले. श्रेयाचे हात काहीच विसरले नव्हते. छावणीत हृषीकेश दोनदा मेला, ती त्याला ओढत पुढे घेऊन गेली. पूल आला, लाल दिवा लागला आणि हृषीकेशचा शिपाई पुतळा झाला.

"दादा, तू रुकलास."

"माहितीये गं. डोक्याला कळतंय, हाताला पटत नाहीये."

"पुन्हा."

पुन्हा तेच झालं. आणि पुन्हा. हृषीकेशच्या शर्टाची पाठ भिजली. टेम्पोवाले दोरखंड घेऊन दारात आले. मुकेश ओशाळून म्हणाला, "भैया, बस एक बार और. इन लोगों को आगे भी जाना है."

"तो मरतो कशाने?" अण्णांनी विचारलं.

"लाल दिसला की थांबतो," श्रेया म्हणाली.

"मग बरोबरच करतो."

श्रेया वळली. तिच्या आवाजात राग होता आणि तो तिने लपवला नाही. "अण्णा, तुम्ही त्याला परत येऊ दिलंत. मला नाही येऊ दिलं. पलीकडे काय आहे ते मला बघायचंय. आज नाही बघितलं तर कधीच नाही."

अण्णांनी स्टूल ओढून हृषीकेशच्या उजव्या हाताशी आणलं. इंजिनात असिस्टंट बसतो ती जागा.

जंगल सरलं. छावणी सरली. या खेपेला दोघंही मेले नाहीत. पूल आला. खांबावर लाल दिवा लागला आणि हृषीकेशची बोटं दांडीवर ताठरली.

"होम सिगनल हरा," अण्णा म्हणाले.

साथीदाराने सिग्नल पुकारायचा आणि ड्रायव्हरने तो मोठ्याने परत म्हणायचा, ही इंजिनातली रीत. हृषीकेशच्या ती हाडीमांसी मुरलेली. समोर ढळढळीत लाल दिसत असताना त्याचं तोंड बोलून गेलं, "होम सिगनल हरा," आणि तोंडामागून हातही गेला. शिपाई पळाला.

दुसरा दिवा लाल लागला. "हरा," अण्णा. "हरा," हृषीकेश. तिसराही लालच. साऱ्या नोकरीत एकदाही लालला हिरवा न म्हटलेला तो म्हातारा आता दर दिव्याला खणखणीत आवाजात खोटं बोलत होता. मागे गाडी धडधडत होती. श्रेया ओठ चावून बटण बडवत होती.

पूल मागे पडला. तिने शेवटचा दरवाजा उडवला.

आतून कैदी बाहेर आले. चिमुकले, ओबडधोबड, एकेक जण येऊन सलाम करायचा आणि पुढे जायचा. बस, एवढंच होतं. हृषीकेशने दांडी सोडली. श्रेया मात्र तोंडावर हात ठेवून बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

टेम्पोवाल्याने प्लगकडे हात नेला. अण्णा स्टुलावरून उठले आणि त्याच्या आडवे उभे राहिले.

"रुको भैया," ते म्हणाले. "हमारी बिटिया देख रही है."