ओल उतरवणारी पेटी

काकूच्या झोपायच्या खोलीत त्या सकाळी अकरा माणसं, एक स्टूल, दोन बॅटऱ्या आणि छतावर ओलीचा एक डाग होता. आठवड्यापूर्वी तो परातीएवढा होता, आता बशीएवढा उरला होता. अकराही माना वर होत्या. भिंतीवर टांगलेल्या पेटीला हात जोडावेत की टाळ्या वाजवाव्यात, एवढंच ठरत नव्हतं.

पेटीचे मालक स्वतःला भूजलसाधक म्हणवून घेत. हातातला पितळी लोलक खोलीभर फिरवत ते म्हणाले, "या घराच्या पोटाखाली दोन प्रवाह एकमेकांशी भांडतायत. त्यांची वाफ वर चढते आणि छताला चिकटते. पेटीने त्यांचा समेट घडवला."

"पण मधल्या भिंती कोरड्या कशा?" शेजारच्या वकिलांनी विचारलं.

साधक चाचपडले. तेव्हा त्यांच्या मदतीला धावून गेला तो घरातलाच पुतण्या, पदार्थविज्ञानाचा ताजा पदवीधर. "केशाकर्षण," तो म्हणाला. "सूक्ष्म नळ्यांतून पाणी वर चढतं. वाटेतल्या भिंतीला पत्ताही लागत नाही."

वकिलांनी मान डोलावली. साधकांना शब्द आवडला. पुढच्या मिनिटभरात त्यांनी तो दोनदा वापरला, त्यातला एकदा जवळजवळ बरोबर.

पुतण्याला घरात सगळे शास्त्रज्ञ म्हणत. ते कौतुक आहे असं फक्त त्यालाच वाटे. साधकांवर त्याची एवढी भक्ती जडायला कारण होतं. डागाच्या बरोबर वर, त्याने स्वतःच्या हातांनी बांधलेला शॉवर होता. त्याचे वडील, अण्णा, घसरून पडले तेव्हापासून त्यांचा गुडघा वाकत नव्हता आणि न्हाणीघराचा उंबरा ओलांडता येत नव्हता. म्हणून त्याने उंबरा काढून टाकला, फरशी जाळीकडे उतरती केली आणि टाइल्स बसवल्या. उतार असा नेमका साधला की गोटी कुठूनही सोडा, ती जाळीवरच जाऊन थांबे. पाहुण्यांना चहाआधी गोटी दाखवली जाई. भिंतीतला दांडा धरून अण्णा स्वतःची अंघोळ स्वतः करू लागले आणि महिन्याभरात काकूच्या छतावर डाग उमटला. डाग शॉवरमुळे असेल तर सगळं फोडावं लागणार होतं. जमिनीखालच्या प्रवाहांमुळे असेल तर काहीच करावं लागणार नव्हतं. शास्त्रज्ञाने दोन्ही बाजूंचा नीट विचार करून प्रवाहांना कौल दिला.

साधकांनी पथ्य एकच सांगितलं होतं. उपचार चालू असेपर्यंत वर पाणी सांडायचं नाही, प्रवाह बिथरतात. त्यामुळे आठवडाभर अण्णांना स्वयंपाकघराच्या मोरीपाशी खुर्चीत बसवून मुलगाच अंघोळ घालत होता.

"अजून किती दिवस?" अण्णा रोज विचारत. "आणि जरा हळू घास. मी काय करपलेलं पातेलं आहे?"

काकू इस्पितळात परिचारिका होती. ड्यूटीवरून आली ती गणवेशातच गर्दीतून वाट काढत आत शिरली आणि छताकडे बघत उभी राहिली.

"डाग कमी झालाय, मान्य," ती म्हणाली. "आता मला सांगा, तुमचं पोट दुखतंय. मी साखरेची गोळी दिली आणि वर बजावलं, दोन दिवस काही खायचं नाही. पोट थांबलं. गुण कशाचा?"

"ताई, श्रद्धा लागते," साधक म्हणाले.

"कुणाला, मला की छताला?"

वकील हसले. काकू पुतण्याकडे वळली. "पेटी राहू दे टांगलेली. आजपासून भाऊजी वर अंघोळ करतील. काय रे शास्त्रज्ञा, दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे काय झालं ते कळत नाही, हे तुमच्या कॉलेजात शिकवत नाहीत?"

शिकवतात. पहिल्याच वर्षी.

पुढचे काही दिवस अण्णांनी मनसोक्त अंघोळी केल्या, दोनदा गाणंही म्हटलं. डाग पुन्हा परातीएवढा झाला. कुणाच्या तरी शंकेमुळे पेटीला बाधा झाली, असं साधकांनी सांगितलं. काकूने स्क्रू काढून ती सगळ्यांसमोर उघडली. आत तांब्याच्या तारेचं वेटोळं होतं, कशालाच न जोडलेलं, आणि वजन वाटावं म्हणून वाळू.

"वाळू मात्र कोरडी ठेवलीय," काकू म्हणाली. साधकांना तेवढ्यात कुणाकडे तरी जायचं आठवलं.

"मग ते केशाकर्षण?" वकिलांनी विचारलं.

"ते खरं असतं. पण अख्खी भिंत कोरडी ठेवून छत भिजवत नाही. मी बनवलं तुम्हाला, आणि तुमच्याआधी स्वतःला." शास्त्रज्ञाचे कान लाल झाले होते. "कुणी चमत्कार दाखवला तर एवढंच विचारा, त्याच वेळी आणखी काय बदललं होतं? मला विचारता येत होतं. उत्तर अडचणीचं होतं म्हणून विचारलं नाही."

मग त्याने वरच्या जाळीला बूच मारलं, दारात विटांचा बांध घालून त्यावर प्लास्टिक चिकटवलं आणि बोटभर पाणी भरलं. हवेत उडून जाणारं पाणी वेगळं कळावं म्हणून शेजारी पाण्याने भरलेली थाळी ठेवली. दुसऱ्या दिवशी थाळीतलं पाणी एक मिलिमीटर उतरलं होतं, शॉवरमधलं नऊ.

फोडल्यावर कोपरा सापडला. वॉटरप्रूफिंगचे दोन हात त्याने मारले होते, पण भिंत आणि फरशी मिळते तिथे जाळीदार कापडाची पट्टी द्यायची असते, ती दिली नव्हती. पट्टीने उताराला केसभर उंचवटा येत होता. पाणी थांबणारच नाही तर मुरेल कुठून, असा त्याचा सिद्धान्त होता. भिंत आणि फरशी किंचित हलली, कोपऱ्यात तडा गेला, आणि पाण्याने सिद्धान्ताची वाट पाहिली नाही.

त्याने पट्टी दिली, पुन्हा दोन हात मारले, ते पूर्ण वाळू दिले आणि टाइल्स लावण्याआधी पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी अण्णा दारात बॅटरी धरून उभे राहिले.

"ही तपासणी तेव्हाच करता आली नसती?"

"आली असती."

"मग का नाही केलीस?"

"खात्री होती."

अण्णांनी बॅटरी खाली केली. शास्त्रज्ञाने वाकून मोजपट्टीने मोजलं. थाळीतलं पाणी एक मिलिमीटर उतरलं होतं. शॉवरमधलं एक मिलिमीटर.