बद्रीनाथबाबांचं भित्तिचित्र

स्वारगेटजवळच्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. गर्दी लग्नाची नव्हती. पुण्यातल्या घराघरांतली मुलं कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला चालली होती; त्याच कॉम्प्युटरमधून आता देव उतरणार होता.

बद्रीनाथबाबांना म्हणे कुठल्याशा लेण्यात प्राचीन भित्तिचित्राचे तुकडे सापडले होते. बाबा एकेक तुकडा स्कॅनरवर ठेवत, मंत्र पुटपुटत, की पडद्यावर शेकडो तुकडे भिरभिरत येऊन जुळत आणि एक ऋषी प्रकट होई. चेहरा हुबेहूब बाबांचा! तपश्चर्येनं त्यांची दुहेरी हनुवटी मात्र उतरलेली दिसत नव्हती.

"कर्माचा डेटा डिलीट होत नाही, माउली!" बाबा गरजत. टाळ्या पडत. मग तो तुकडा कुटून, पाण्यात कालवून भक्तांना पाजला जाई.

हेमाचे वडील अण्णा, म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले गोपाळकृष्ण, गुडघेदुखीसाठी महिनाभर ते पाणी पीत होते. गुडघे होते तसेच राहिले, पोटात मात्र मुरडा सुरू झाला. रक्तात शिसं निघालं.

"पाणी बंद करा," डॉक्टर म्हणाले.

"त्यांना लेण्यातलं काय कळतंय?" घरी येऊन अण्णा म्हणाले.

हेमाला कळत होतं. जुन्या भित्तिचित्रांचे तुकडे कॉम्प्युटरवर जुळवणं हीच तिची नोकरी होती.

"अण्णा, कडा, रंग, जाडी ताडून एक हात जुळवायला आम्हाला महिने लागतात. यांचा अख्खा ऋषी तीन मिनिटांत?"

"तुमच्याकडे मंत्र नाही."

तेव्हा पुढच्या सभेला हेमा स्वतःच एक तुकडा, लेण्यातला म्हणून, घेऊन व्यासपीठावर गेली. बाबांनी मंत्र म्हटला. पडद्यावर तुकडे जुळले, ऋषी प्रकटले, सभागृह दुमदुमलं.

"हा तुकडा आमच्या घरच्या गॅलरीच्या भिंतीचा," हेमानं माइक ओढून घेतला. "गेल्या दिवाळीला रंग दिलाय."

तिनं टेबलावरची भगवी चादर उचलली. स्कॅनरची वायर खाली नुसतीच लोंबत होती.

"आधी बाबांचं अख्खं चित्र काढलं. मग कॉम्प्युटरवर त्याचे तुकडे उडवले. तीच फिल्म उलटी लावतात. आता सुलटी बघा!"

तिनं बटण दाबलं. पडद्यावर ऋषींची हनुवटी, नाक, जटा चहूकडे उधळली.

"ही माया आहे!" बाबा ओरडले.

अण्णा सावकाश उठले. चेहरा उतरलेला, पण आवाज बँकेच्या खिडकीमागचा.

"अहो, चित्र बनावट हे कळलं. मग महिनाभर आमच्या पोटात गेली ती कुणाची भिंत?"

बटणं दाबणारा त्यांचा चेला घाबरून बोलून गेला, "खडकीतल्या पाडलेल्या चाळीची. जुना, शिशाचा ऑइलपेंट होता."

कुणीही हसलं नाही. मागच्या रांगेतली एक बाई मुलाला छातीशी धरून रडू लागली. त्यालाही तिनं ते पाणी पाजलं होतं. हेमानं आधी त्या मायलेकरांना आणि अण्णांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. बाबांचं काय ते मग बोलावलेल्या पोलिसांनी पाहिलं.

कॉम्प्युटर खोटं बोलत नाही, असं म्हणतात. पण तो चालवणारा बोलतो. तेव्हा चमत्कार मंत्राचा असो वा मशीनचा, नमस्कार करण्याआधी चादर उचलून बघा. आणि विचारल्यावर जो चिडतो, त्याच्या हातचं पाणीसुद्धा पिऊ नका.