डाव्या चाकामागची खटखट

मी पोलादाचा एक गोळा बोलतोय, लिंबाएवढा. सोळा वर्षं मी एका गाडीच्या पुढच्या डाव्या चाकामागे काढली आणि इतक्या वर्षांत त्या गाडीत बसणाऱ्या कुणीही माझं तोंड पाहिलं नाही. मिस्त्री लोक मला बॉल जॉइंट म्हणतात. एका वाटीत बसवलेला गोळा, भोवती ग्रीस आणि वर रबराची टोपी, एवढाच माझा संसार. चाकाला गाडीशी धरून ठेवायचं आणि चाक वळलं की आपणही वळायचं, हे माझं काम. मी सुटलो तर चाक आडवं पडतं आणि गाडी जागच्या जागी नाक घासते.

माझा जन्म भट्टीतला. लाल होईस्तोवर तापवलं, तेलात बुडवलं, मग घासून घासून गुळगुळीत केलं. शेवटी तपासणीच्या टेबलावर एका बाईंनी मला चिमटीत धरून चहूबाजूंनी फिरवलं, मान हलवली आणि पुढे ढकललं. त्या बाईंची मला अजून आठवण येते.

ज्यांनी आमची गाडी घेतली ते कापडाच्या गिरणीत फिटर होते. गिरणीत त्यांना सगळे ‘कानवाले’ म्हणत. त्यांच्याजवळ लाकडी मुठीचा हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हर होता. चालत्या यंत्राला त्याचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. “तिसरं बेअरिंग चाललंय. आठवडाभर काढेल,” असं ते म्हणायचे, आणि आठव्या दिवशी ते बेअरिंग खरंच राम म्हणायचं. साहेब लोकसुद्धा त्यांच्या कानापुढे बोलत नसत.

दर रविवारी ते टोक माझ्यावरही टेकायचं. आजारी नसतानाही कुणी येऊन तब्येत विचारून जावं, तसं वाटायचं मला.

मग ते निवृत्त झाले आणि गाडी मुलीच्या हातात आली. आईच्या मूत्रपिंडांनी दगा दिला होता. आठवड्यातून तीनदा तिला घाटापलीकडच्या हॉस्पिटलात रक्त शुद्ध करायला न्यावं लागे. मुलगी चालवायची आणि आई शेजारी उशी घेऊन बसायची. जाताना आई बोलायची, येताना गप्प असायची. मुलगी खड्डे चुकवत, जपून गाडी आणायची. माझ्याकडून होईल तेवढे धक्के मी पोटात घालायचो.

एकदा रस्त्यावरचा खडा उडाला आणि माझी रबराची टोपी फाटली. नखाएवढी चीर, पण तिथूनच पाणी मुरायला लागलं. ग्रीस धुऊन गेलं, माती आत आली. गोळा झिजला, वाटी रुंदावली. आणि एक दिवस वळणावर माझ्या तोंडून पहिल्यांदा आवाज निघाला. खट्.

मुलीने तो त्याच दिवशी ऐकला. घरी येताच म्हणाली, “बाबा, डावीकडून काहीतरी वाजतंय.”

कानवाले एक चक्कर मारून आले. “काही नाही. तुझे कान वाजतायत.”

“अहो बाबा, वळताना येतो.”

“पस्तीस वर्षं मी हेच केलं. मला शिकवू नकोस.”

दुसऱ्या दिवशी आईने डिकीतला जॅक जुन्या टॉवेलात गुंडाळून ठेवला. “तोच वाजत असेल गं,” असं मुलीला म्हणाली, पण तिच्याकडे न बघता. मी तरीही खटखटत होतोच. बोलायचं म्हणजे मला एवढं एकच येतं.

मुलगी गाडी घेऊन मिस्त्रीकडे गेली. तो कानवाल्यांच्याच हाताखाली तयार झालेला. त्याने पहिला प्रश्न विचारला, “काका काय म्हणाले?”

“ते म्हणतात, आवाज नाही.”

“मग विषयच संपला. काकांना आला नाही म्हणजे नाहीच तो.” त्याने चाकांत हवा भरली आणि गाडी परत पाठवली. चाक उचलून बघायचं त्याच्या मनातही आलं नाही. ब्रह्मदेवाने सांगितलं असतं तर त्याने एकदा तपासून पाहिलं असतं, पण कानवाल्यांचा शब्द त्याने कधी तपासला नव्हता.

असे पाच महिने गेले. मला आता भीती वाटायची, स्वतःसाठी नव्हे, वर बसलेल्या त्या दोघींसाठी. घाटात एका बाजूला दरी आहे. प्रत्येक वळणावर मी वाटीची कड धरून ठेवायचो आणि ती कड रोज थोडी थोडी कमी व्हायची.

शेवटी एका शनिवारी दुपारी मुलगी म्हणाली, “बाबा, सोमवारी आईला मी या गाडीतून नेणार नाही.”

“मग मी नेतो!” कानवाले कडाडले.

“न्या. पण त्याआधी माझ्यासमोर चाक उचला.”

“चल. एकदाचं समाधान करून टाकू तुझं.”

अंगणात जॅक लागला, खाली ठोकळा सरकवला, चाक अधांतरी झालं. मुलीने चाक वरून-खालून धरून हलवलं. कानवाल्यांनी शेजारी बसून टोक मला टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. मी जीव तोडून बोललो.

“नाही,” ते म्हणाले. मूठ दुसऱ्या कानाला लावली. “नाही. झालं समाधान?”

मग माझ्या अंगावरची माती पुसायला त्यांना दोन्ही हात लागले, म्हणून सवयीने त्यांनी मूठ दातांत धरली. टोक माझ्यावरच टेकलेलं राहिलं. रागावलेल्या मुलीने चाकाला आणखी एक हिसका दिला.

माझी खट् मुठीतून दातांत आणि दातांच्या हाडांतून थेट त्यांच्या डोक्यात पोचली, आणि कानवाले थिजले. दातांतून मूठ न काढताच त्यांनी हाताने खूण केली, पुन्हा. तिने हलवलं. पुन्हा. मग त्यांनी मूठ कानाला लावली. पुन्हा दातांत धरली. परत कानाला. त्यांचा चेहरा उतरत गेला आणि माझ्या ध्यानात आलं, की या घरात झिजलेला मी एकटाच नाही. मला फार वाईट वाटलं. त्या कानावर माझाही जीव होता.

ते तसेच जमिनीवर बसले. “आवाज आहे,” म्हणाले. “चांगला आहे. कधीपासून येतोय?”

“पाच महिने, बाबा.”

पायरीवर बसलेली आई हळूच म्हणाली, “मलाही येत होता.”

मुलीने ते वडिलांना मोठ्याने सांगितलं. ते बायकोकडे वळले. “मग बोलली का नाहीस?”

“तुम्हाला येत नव्हता ना,” ती म्हणाली.

दोन वर्षं ती दारावर थाप पडली की “अहो, दार” म्हणत होती, फोन वाजला की तो त्यांच्या हातात आणून देत होती. हे सगळं त्यांना त्या क्षणी एकदम दिसलं असावं. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर बराच वेळ पुसला.

रविवारी मिस्त्री घरीच आला. पहार लावून त्याने जरा जोर दिला मात्र, मी वाटीतून सरळ बाहेर आलो. “काका, अजून एक घाट…” त्याने पहार खाली ठेवली. “तुम्ही नाही म्हणालात, म्हणून मी चाक उचललंच नाही हो.”

“माझं काय ऐकत बसलास,” कानवाले म्हणाले. “चाकाचं ऐकायचं.”

दोन्ही बाजूंना नवे जॉइंट बसले, शेजारच्या सांध्यांतले रबरी बुशही बदलले. सोमवारी कानवाले गाडीत मागच्या सीटवर बसून गेले आणि आईचं रक्त शुद्ध होईस्तोवर खालच्या मजल्यावर कान तपासून आले. डॉक्टर म्हणाले, यंत्र लावून थोडं येईल, सगळं नाही.

मी आता खिडकीत, कानवाल्यांच्या वर्तमानपत्रावर वजन म्हणून असतो. गंज चढलाय, पण तक्रार नाही. गोष्ट संपवण्याआधी तुमच्याकडे एकच मागणं आहे. घरातलं कुणी म्हणालं की काहीतरी वाजतंय, तर आपल्याला येत नाही म्हणून त्याला खोटं पाडू नका. उठा, आणि चाक उचलून बघा.

आठवड्यातून तीनदा गाडी परत येते तेव्हा कानवाले फाटकात उभे असतात. आईला हात देऊन उतरवतात आणि मुलीला विचारतात, “आवाज?”

“नाही, बाबा.”

तेही त्यांना नीट ऐकू येत नाही. तिच्या ओठांवरून ते समजून घेतात आणि फाटक लावून घेतात.