खालचा वाफा

पन्नाशीला टेकली तरी ताईच्या तोंडी ती चिमीच होती. आईवडलांच्या माघारी दोघी बहिणींनी पाऊण एकरात भाजीपाला पिकवून संसार केला, तोही एकमेकींशीच. चिमीनं खुरपायचं, तोडायचं, बाजारात आवाज चढवायचा; ताईनं आभाळाकडे बघायचं. हवा कधी फिरणार ते तिला आदल्या दिवशीच कळायचं.

बावन्नाव्या वर्षी ताईचं लग्न झालं. बाजारात शेजारी बसून घड्याळं दुरुस्त करणारे एक विधुर गृहस्थ रोज पाव किलो भेंडी घ्यायचे. एकट्या माणसाला रोज कशाला लागते एवढी भेंडी, हे आधी चिमीच्याच ध्यानात आलं. शेत कोण बघेल म्हणून ताई अडून बसली होती. मी काय मेलेय का, असं म्हणत चिमीनंच तिला घराबाहेर काढलं. लग्नानंतर दोघं भाऊजींच्या मुलीजवळ, लांबच्या शहरात, चौथ्या मजल्यावर राहायला गेली.

पहिल्याच उन्हाळ्यात विहीर तळाला गेली. वांगी लिंबाएवढी राहिली, टोमॅटोची फुलं फळ धरायच्या आत गळाली. दर रविवारी ताईचा फोन यायचा आणि सगळं झकास आहे असं चिमी ठोकून द्यायची. पावसाळ्यात फ्लॉवरची रोपं दोनदा कुजली. ताई रांगेरांगेची चौकशी करायची, आणि चिमी तिला नसलेले गड्डे मोजून दाखवायची. खरं सांगितलं असतं तर ताई मिळेल त्या गाडीनं आली असती. ती यावी असं इतकं वाटायचं, म्हणूनच सांगवत नव्हतं.

हिवाळ्यात एका दुपारी, रविवार नसताना, फोन आला.

"तिकडे वारा आहे का गं?"

चिमीनं दाराबाहेर पाहिलं. पानही हलत नव्हतं. आभाळात ढगाचा ठिपकाही नव्हता.

"मग आज दव गोठणार. आत्ताच्या आत्ता पाणी सोड. ओली माती ऊब धरते. झाकता येईल तेवढं झाक."

दिवस मावळेपर्यंत चिमी धावत होती. गोणपाट, चादरी, पलंगपोस, घरातलं सगळं बाहेर आलं. वरचे दोन वाफे झाकून झाले आणि पांघरूण संपलं. पाणीही खालच्या वाफ्यापर्यंत पोचलं नाही. सकाळी वरची मिरची, टोमॅटो हिरवीगार होती. खालचा वाफा उकळतं पाणी ओतल्यासारखा काळा पडला होता.

तिनं फोन लावला. "ताई, खालचा गेला." एकदा सुरुवात झाल्यावर उन्हाळाही बाहेर पडला आणि पावसाळाही.

ताई म्हणाली, "मीही तेच करत होते. करमतंय म्हणून सांगत होते. माणूस सोन्यासारखा आहे गं. पण खिडकीतून माती दिसत नाही."

चार दिवसांनी दोघं आली आणि सहा दिवस राहिली. भाऊजींनी इस्त्रीच्या पॅंटीतच काळी रोपं उपटली आणि बांधावर मापात मांडून ठेवली. चिमीला हसू आवरेना. त्या वाफ्यात ताईनं पालक पेरला. पाचव्या संध्याकाळी हातपाय धुताना तिनं हळूच विचारलं, "राहू का मी इथेच?"

हो म्हणायला चिमीचं तोंड उघडलंही होतं. पलीकडे भाऊजी ताईच्या चपलांची माती काडीनं काढत बसले होते.

"नको," ती म्हणाली. "पेरणीला येत जा. आणि फोनवर खोटं नको, तूही नि मीही."

ताई गेल्यावर घर दोन दिवस भलतंच मोठं वाटलं. तिसऱ्या दिवशी पालक उगवला. रविवारची वाट न बघता चिमीनं फोन लावला.

"सगळा उगवलाय?" ताईनं विचारलं.

"नाही. मधे मधे खाडे आहेत."

"कुठे कुठे?"

चिमी बांधावर बसली आणि पहिल्या रांगेपासून सांगू लागली.