डब्यावरच्या चिठ्ठ्या

“ही उशी आहे की विटांचं पोतं?” बाबा पुटपुटले. दवाखान्यातल्या तीन दिवसांत पायाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. सगळा राग उशीवर.

लागली होती फक्त कुंपणाची तार. आता घोट्यापासून पोटरीपर्यंत पट्टी, आणि आतला जंतू कुणाला बधत नव्हता. तपासणीच्या कागदावर अकरा अँटिबायोटिक्स, अकराहींपुढे एकच शेरा: उपयोग नाही.

“तुमच्याकडे नवीन काहीच कसं नाही?” त्यांची धाकटी मुलगी डॉक्टरीणबाईंवर खेकसली.

“ते खरं तर मी तुम्हाला विचारायचं.”

नऊ वर्षं धाकटीनं औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत गावोगावची माती तपासली होती, नव्या अँटिबायोटिकसाठी. एक सापडलं. जंतू पटापट मेले, पाठोपाठ उंदरांची मूत्रपिंडंही गेली. दुसरं हाती लागतंय तोवर साहेबांनी विभागालाच कुलूप घातलं. सात दिवस घ्यायचं आणि एरवी अडीअडचणीला राखून ठेवायचं, असलं औषध विकून कुणाचं भलं होतंय? आता ती केसगळतीची गोळी तपासते. ती जन्मभर घ्यावी लागते. लोकांचे पाय जाईनात का, केस राहिले पाहिजेत!

“आणि ते जंतू खाणारे विषाणू?” धाकटीनं विचारलं.

“याच जंतूला लागू पडणारा हवा. सांडपाण्यातून शोधताहेत. महिना तरी लागेल.”

महिना! सूज गुडघ्याला टेकली होती. गुडघा सोडून सगळे सगळीकडे बघत होते.

तेवढ्यात आईनं पिशवीतून डबा काढला. “यातलं काही चालेल का हो?”

घरातल्या उरलेल्या गोळ्या. तिसऱ्या दिवशी ताप उतरला की गोळ्या बंद, राहिलेल्या पुढच्या आजाऱ्याला. कप्प्यांवर चिठ्ठ्या: ‘घसा’, ‘ताप’, ‘जखम’. अक्षर धाकटीचं, शाई प्रयोगशाळेतली, न पुसणारी. ‘जखम’ रिकामा होता. तार लागली त्या दिवशी त्यातल्या दोन बाबांनी घेतल्या होत्या, तेवढ्याच उरल्या होत्या म्हणून.

“फेक तो डबा!”

“माझ्यावर कशाला डाफरतेस? तूच लावून दिलास ना?”

अर्धवट डोसांनीच जंतू निर्ढावतात, हे धाकटीला पाठ होतं. रागानं कानशिलं तापली. साहेबांवर, आईवर, सगळ्यात जास्त त्या सुबक अक्षरावर.

“होईल हो बरं,” आई बाबांना म्हणाली. “बघू या.”

“काय बघू या?” बाबांनी उशी खाली भिरकावली. “डॉक्टरीणबाई, सूज वर चढायच्या आत पाय कापा माझा.”