बुटाचं घुंगरू

नागपूरहून बेंगळुरूला यायला उल्काला रेल्वेने वीस तास लागले आणि त्यातले फार थोडे तिने झोपून काढले. एका महाविद्यालयात ग्रंथपाल असलेली ही अठ्ठेचाळीस वर्षांची बाई नाताळची दहा किलोमीटरची दौड पळायला निघाली होती. नागपुरात दौडी काय कमी होतात, असं नवऱ्याने विचारलंही. धाकट्या बहिणीकडे, स्वानंदीकडे राहणंही होईल, एवढंच ती म्हणाली.

खरं कारण वेगळं होतं. मार्चमध्ये पहाटे पळताना घराजवळच्या चौकात पाच कुत्री तिच्या अंगावर धावून आली आणि एकाने डाव्या पोटरीचा लचका तोडला. इंजेक्शनं झाली, जखम भरली. पण त्यानंतर उल्का रस्त्यावर पळालीच नाही. गच्चीवर फेऱ्या मारायची, कोपऱ्यावरून भाजी आणायची तरी रिक्षा करायची. नागपुरातल्या पळणाऱ्यांत तिला सगळे ओळखत. भर रस्त्यात पाय गळाले तर सगळ्यांना कळलं असतं. बेंगळुरूत ओळखीचं कुणी नव्हतं. शिवाय रस्ता बंद असतो, जागोजागी स्वयंसेवक असतात, असं स्वानंदीने फोनवर दहादा बजावलं होतं.

दौडीच्या पहाटे सर्जापूर रोडवरून स्वानंदीच्या गाडीतून, दौड सुरू होणार होती त्या हेब्बाळला जाताना बंद दुकानांपुढे झोपलेली कुत्री उल्काला दिसत राहिली. तिने काच पूर्ण वर घेतली.

सुरुवातीच्या जागी ढोल वाजत होते. लाल टोप्या, कापसाच्या दाढ्या आणि नाताळ म्हणून प्रत्येकाला बुटाला बांधायला एक घुंगरू. स्वानंदीने ते बहिणीच्या नाडीत ओवून घट्ट गाठ मारली आणि शेवटच्या रेषेपाशी थांबते म्हणाली.

पहिले पाच किलोमीटर उल्का गर्दीच्या मधोमध पळाली. चारी बाजूंनी माणसं होती तोवर श्वास ठीक होता. सहाव्यानंतर गर्दी विरळ झाली. वाटेतल्या तळ्यापलीकडच्या वळणावर ती एकटी उरली, आणि बंद टपरीमागून एक काळी कुत्री भुंकत थेट तिच्यासमोर आली.

उल्का जागच्या जागी थिजली. पळायचं नाही हे डोक्याला कळत होतं, पण पाऊल मागे गेलं, घुंगरू वाजलं, तशी कुत्री आणखी पुढे सरकली. तिचे दात दिसत होते. उल्काची पोटरी आतून जळायला लागली, जणू आत्ताच चावा बसलाय.

मागून कुणीतरी कन्नडमध्ये काही बोललं. "आई गं," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

"अक्का, पळू नकासा," तो आवाज आता मराठीत म्हणाला. सांताचा लाल अंगरखा घातलेला, दाढी गळ्याशी ओढलेला एक तिशीतला माणूस हळूहळू तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. "ती तुमच्या बुटाकडं बघतीया. घुंगरू सोडा."

वाकलं की कुत्री तोंडावर येणार, एवढंच उल्काला दिसत होतं. तिने मान हलवली. "नाही जमणार मला."

"मग मी सोडतो. तुम्ही नुसतं उभं ऱ्हावा."

तो इंचाइंचाने खाली बसला. कुत्री गुरगुरली तेव्हा त्याने नाडीवरचा हात मागे घेतला, मग पुन्हा पुढे केला. स्वानंदीची गाठ सुटायला फार वेळ लागला. उल्काने त्याच्या खांद्यावरचं कापड मुठीत धरलं आणि डोळे मिटले. शेवटी घुंगरू त्याच्या खिशात गेलं आणि दोघं टपरीला वळसा घालून चालू लागली. कुत्री वीसेक पावलं मागे आली. मग तिच्या नखांचा आवाज थांबला.

त्या माणसाचं नाव महांतेश, गाव निपाणी, नोकरी इथल्याच महादेवपुऱ्यात, हे तिला पुढच्या किलोमीटरभरात कळलं. तुम्ही पुढे जा, तुमची वेळ बिघडेल, असं ती दोनदा म्हणाली. तो कन्नडमध्ये सरी, सरी, म्हणजे बरं, बरं म्हणत तिच्याच चालीने पळत राहिला. त्याच्या घरीही कुणाला कुत्रं चावलं होतं का, हे विचारायचं तिच्या मनात होतं, पण दम पुरला नाही.

रेषा ओलांडल्यावर उल्का पदपथावर मटकन बसली आणि तिला उलटी झाली. स्वानंदी घाबरून पाणी घेऊन धावली, पाठीवरून हात फिरवत राहिली. झालं ना ताई, आता गेली ना भीती, असं तिने विचारलं.

"नाही गं," उल्का म्हणाली. "तेवढीच आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वानंदी झोपेत असताना उल्का बूट घालून खाली उतरली. इमारतीच्या फाटकाबाहेर रस्त्यापलीकडे एक कुत्रं अंगाचं मुटकुळं करून पडलं होतं. पहारेकऱ्याने फाटक उघडून धरलं. ती पाच मिनिटं आतच उभी राहिली. मग बाहेर पडली, रस्त्याच्या अलीकडच्या कडेने, भिंतीला खांदा घासत, सावकाश चालत.